कपभर डावीकडे

पुढच्या नटापासून सुरुवात करायची आणि मागे मागे यायचं, हा लिंडसेचा नियम. सायलेन्सर बसवताना तो गाडीखाली पाना फिरवायचा आणि त्याची बायको रेविन मागे गुडघे टेकून मफलरचं, म्हणजे शेवटच्या डब्याचं, टोक दोन्ही हातांनी उचलून धरायची. "वर. अजून वर. आता कपभर डावीकडे." कपभर म्हणजे किती, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं. देशाच्या दक्षिण टोकाला, ब्लफच्या बंदराजवळच्या त्या गॅरेजात तिनं एकतीस वर्षं अशी टोकं धरली. तिथला खारा वारा गाड्या खालून खाऊन टाकतो, त्यामुळे काम कधी कमी पडलं नाही.

लिंडसेला जाऊन चार वर्षं झाली होती. गॅरेज विकलं, पण पाने, जॅक आणि दोन जोड लोखंडी घोड्या तिनं घरामागच्या शेडमध्ये आणून ठेवल्या. आता त्या घोड्यांवर तिची स्वतःची बावीस वर्षांची हॅचबॅक चढली होती.

गेल्या महिन्यात गाडीच्या तपासणीत, तपासणी केंद्रातल्या विरेमूनं जुन्या पाइपाला पेचकस टोचला, तर तो आरपार गेला.

"आँटी, हा पाइप आहे की चहात बुडवलेलं बिस्कीट?"

"तुझ्या वयाइतकी वर्षं धावलाय तो."

"म्हणूनच त्याला निरोप द्या. फेरतपासणीला अठ्ठावीस दिवस आहेत. नवा बसवून आणा, पुन्हा बघतो."

नवा सायलेन्सर यायलाच पंचवीस दिवस गेले. तोवर गाडी शेडमध्येच होती. दुकानाला, दवाखान्याला, शहरात इन्व्हरकारगिलला जायचं म्हणजे कुणाकडे तरी तोंड उघडायचं, आणि ते रेविनला कधी जमलं नाही. मधल्या एका रविवारी समुद्रापलीकडच्या पर्थहून मुलाचा, शेनचा, फोन आला.

"आई, या वेळी गाडी पास झाली नाही तर हट्ट सोडायचा. घर विकायचं आणि इकडे यायचं."

"बघू."

"बघू नाही. शब्द दे."

तिनं दिला. दिलेला शब्द ती मोडत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आणि एकटी गाडीखाली शिरू नकोस."

यावर तिनं हवेचा विषय काढला.

बुधवारी सकाळी ती गाडीखाली शिरली. जुना पाइप कापून काढला. गाडीखाली लोंबणाऱ्या रबरी कड्यांना भांड्यांचा साबण चोळला, त्यांत नवा सायलेन्सर अडकवला आणि सवयीनं पुढून सुरुवात केली. पहिला जोड, मधला जोड, मागचा क्लॅम्प, सगळं करकचून आवळलं. बाहेर येऊन तिनं मफलर हलवला. खण्ण. तो एका अंगाला कलून बंपरखालच्या पत्र्याला टेकला होता.

चूक कुठे झाली हे कळायला तिला वेळ लागला. पाना फिरवला की पाइपही त्याच्यासोबत थोडा फिरतो, म्हणून मागे कुणीतरी धरावं लागतं. तिनं लिंडसेची पद्धत तंतोतंत उचलली होती. त्या पद्धतीत मागे ती स्वतः असायची, एवढं मात्र विसरली होती.

साडेदहाला टपालवाली डॉट आली. गाडीतूनच ओरडली, "रेविन! पाय तेवढे दिसताहेत तुझे! जिवंत आहेस ना?"

"अजून तरी!" रेविन बाहेर सरकली. दोन मिनिटं, एवढंच म्हणायचं होतं. दोन मिनिटं टोक धर.

"काही लागलं तर सांग हं," डॉट म्हणाली. इंजिन चालूच होतं आणि मागच्या सीटवर पार्सलांचा डोंगर होता.

"नाही गं. चाललंय माझं."

डॉट गेली.

रेविननं सगळे नट पुन्हा ढिले केले. मफलरखाली कालवांचं रिकामं खोकं ठेवून पाहिलं. पुढचा जोड नीट बसला. मधल्या जोडाचा नट आवळला की मात्र खोकं मुकाट्यानं सरकायचं आणि टोक पुन्हा कलायचं. तीनदा झालं. चौथ्यांदा ती उलटी शिरली, डोकं मधल्या जोडाखाली आणि पाय मागे. गुडघे दुमडून तिनं गमबुटांचे तळवे मफलरला लावले आणि रेटले.

"वर," ती मोठ्यानं म्हणाली. "अजून वर. कपभर डावीकडे."

पाय कपभर डावीकडे गेले. गंजाचा भुगा डोळ्यांत जात होता. तिनं पाना फिरवला, पुन्हा फिरवला. पाइप जागचा हलला नाही. नट बसल्यावरही ती थोडा वेळ पाय तसेच लावून पडून राहिली. सोडायचं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी विरेमूनं मफलर धरून गदागदा हलवला, धूर कुठून निसटतोय का पाहिलं.

"चोख आहे, आँटी. कोणी धरलं होतं?"

"पायांनी."

तो खो खो हसला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हसू आवरून तो काचेवर पास झाल्याची नवी चिठ्ठी चिकटवू लागला. "पुढच्या वेळी मला हाक मारा. खरंच सांगतोय."

"मारीन," ती म्हणाली. मारणार नाही हे तिला माहीत होतं.

घरी आल्या आल्या तिनं पर्थला फोन लावला. शेन कामावरच होता. मागे कुठेतरी यंत्र चालू होतं.

"पास झाली," ती म्हणाली.

पलीकडे यंत्र चालतच राहिलं.

"वा," शेन म्हणाला. "छान झालं, आई."

"काय झालं रे?"

"काही नाही. मागची खोली रंगवून ठेवली होती, एवढंच. पिवळी. तुला आवडतो ना तो रंग."

"अरे, मला काय माहीत…"

"असू दे. सामान ठेवू त्यात. कोण आलं होतं मदतीला?"

रेविन खिडकीबाहेर उभ्या गाडीकडे पाहत होती. गाडी इतकी मुकी झाली होती, की येताना कोपऱ्यावरचा कुत्रासुद्धा भुंकला नव्हता.

"होती ना डॉट," ती म्हणाली. "शेवटपर्यंत धरून होती."