दरवाज्यात अडकलेलं छप्पर

"अबे ए, घर हटव ना रस्त्यातून!"

गाडीवान ओरडत होता आणि त्याचं बरोबर होतं. चांद्याच्या परकोटाच्या, म्हणजे गावाभोवतीच्या तटाच्या, दरवाज्यात माझ्या घराचं अख्खं छप्पर बाटलीच्या बुचासारखं गच्च बसलं होतं. छपराखाली शेजारीपाजारी खांद्यावर बांबू घेऊन वाकलेले, आणि सर्वांच्या पुढं मी, धोतराचा सोगा एका हातात, दुसरा हात हवेत, थेट सेनापती. फक्त सेना पुढं सरकत नव्हती आणि मागंही सरकत नव्हती.

"जोर लावा!" मी गरजलो.

"जोर तुमचा, भाऊ, खांदा आमचा," छपराखालून उत्तर आलं.

हे घर रस्त्यावर आलं कसं, ते सांगतो. परकोटाच्या आत, दरवाज्याला लागून एक सरकारी मैदान होतं. त्याच्या कडेला आमची तट्ट्याच्या भिंतींची आणि गवती छपरांची ओळ. लाकडाच्या टालावर मी मुनीम होतो. गावात पक्की खोली भाड्यानं घ्यायची तर मला टालासकट स्वतःला विकावं लागलं असतं, म्हणून मी मैदानावर राहत होतो. अशात बातमी आली की मैदानावर मोठी कचेरी होणार. कोणत्या खात्याची, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण कचेरी म्हणजे कचेरी! आरमोरीच्या माणसाला एका शिक्क्यासाठी नागपूर गाठावं लागायचं. तो भाकरी बांधून निघायचा आणि दाढी वाढवून परत यायचा. तेव्हा कचेरी नको असं कोणीच म्हणत नव्हतं. हवी तर होतीच.

वॉर्डाच्या मेंबरांनी सभा घेतली. सभा दिसली की माझ्या जिभेला पाय फुटतात. मी उठलो आणि म्हणालो, "कचेरी येऊ द्या, चांद्याचं नागपूर होईल! नागपूरचे लोक चांदा पाहायला येतील!" टाळ्या अशा पडल्या की परकोटावरची कबुतरं उडाली ती बल्लारशाला जाऊन बसली. टाळ्या थांबल्यावर मेंबर म्हणाले, "वा! मग मैदान पहिले भाऊच खाली करून देतीन." मैदानावर माझंच घर आहे, हे भाषणाच्या भरात माझ्या लक्षातून पार उतरलं होतं. पण टाळ्या घेऊन बसलेला माणूस परत फिरतो काय?

घरी बायकोचे दिवस भरत आले होते. मृगही तोंडावर होता. ती एवढंच म्हणाली, "जाचं तं जाऊ. पण छप्पर सोडा, बांबू-गवत गाडीत टाका आन बाहेर नेऊन पुन्हा शाकारा. मले पानी पडाच्या आत डोक्यावर छप्पर पाहिजे."

तिचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण आमच्या झाडीपट्टीत घर हलवायचं तर छप्पर सोडत नाहीत. दोऱ्या कापायच्या, खाली आडवे बांबू घालायचे, आणि अख्खी वस्ती "हईशा!" करून ते खांद्यावर उचलते. खेड्यात शेताच्या या टोकाहून त्या टोकाला घरं अशीच चालत जातात. मी म्हटलं, माझंही घर असंच जाईल, राजाच्या पालखीसारखं. आदल्या दिवशी मी स्वतः मापं घेतली. दरवाजा मापला, घराच्या भिंती मापल्या. भिंती दरवाज्यातून आरामात जात होत्या. वळचण मात्र मी मापली नाही. आता छप्पर भिंतींच्या दोन्हीकडून हातहातभर बाहेर येतं, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक असतं, कारण त्या तिथंच बसतात.

तर ते अडकलं. बाहेर गाड्यांची रांग लागली. साग, धान, मोहफुलं, मडकी. रांगेचं शेपूट घुग्घुसला टेकलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण सांगणारा मीच असल्यानं माझा विश्वास आहे. एक गाय रांगेतच व्याली आणि तिचं वासरू दरवाज्याशी पोचलं तेव्हा त्याला शिंगं फुटली होती.

आणि त्या रांगेत मागून भोंगा वाजला. नागपूरचा साहेब जागा पाहायला जीपमधून आला होता.

मेंबर हार घेऊन छपराखालून रांगत बाहेर गेले. साहेबापर्यंत पोचेस्तोवर हार पहिल्या गाडीच्या बैलानं खाल्ला.

"ये किसका मकान है?" जीप मागंच सोडून दरवाज्याशी चालत आलेल्या साहेबानं घाम पुसत विचारलं.

"साहेब, कचेरीसाठी जागा खाली करून राह्यलो ना," मेंबर म्हणाले.

"और ये लोग रहेंगे कहाँ?"

"बाहेर राहतीन, साहेब. सकाळी कामाले आत येतीन."

"इसी दरवाज़े से?"

मेंबर माझ्याकडे पाहू लागले. मी छपराकडे पाहू लागलो.

"आन कचेरीतले बाबू कुठून येतीन?" मघाचा गाडीवान गाडीवरूनच बोलला. "तेयच्या सायकली? आन कागदं घेऊन येनारे खेड्यातले? सारे इथूनच ना? एक घर अडकलं तं माहा बैल हार खाऊन राह्यला. कचेरी झाल्यावर काय खाईन?"

लोक हसले. साहेब हसला नाही. त्यानं दरवाजा पाहिला, छप्पर पाहिलं, उन्हात तापलेली आपली जीप पाहिली. मग म्हणाला, "दफ़्तर बाहर बनाओ. कम से कम मेरी जीप तो पहुँचेगी." जीप वळवून तो गेला. कचेरी पुढं खरोखरच परकोटाबाहेर झाली आणि मैदानावरची आमची ओळ जागेवर राहिली.

छप्पर मात्र निघेना. शेवटी शेजाऱ्यांनी कुऱ्हाडी काढल्या, आढ्यावर घाव घातले आणि मधोमध नव्हे, भलतीकडेच त्याचे दोन तुकडे केले. मोठा तुकडा पुढं, लहान तुकडा मागं, अशी आमची पालखी परत आली.

बायको उघड्या भिंतींत, डोक्यावर पदर ओढून, खाटेवर बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मी छप्पर मुद्दामच कसं अडकवलं, साहेबाला कसं कोंडीत पकडलं, एकट्यानं कचेरी कशी कोटाबाहेर घालवली आणि वस्ती कशी वाचवली. सांगता सांगता साहेबाच्या तीन जीप झाल्या.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग दोन्ही तुकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मोठा तुकडा माह्या खाटेवर टाका. लहान्याखाली तुमी बसा बोलत."