शब्दांकन म्हणजे काय, सर?

“खरं सांगा, हे कोणी लिहून दिलं?”

पुण्यातल्या प्रकाशकानं माह्यी फाईल टेबलावर ठेवून इचारलं. सुलतानपूरहून एसटीत अवघडून मी तिथं पोचली होती. म्हटलं, “मीच लिहिलं.”

ते बाजूच्या संपादकाकडे पाहून हसले. “पिंजाऱ्याच्या घरात इतकं मराठी?”

आमचं घर गाद्या-रजया भरणाऱ्यायचं. घरात हिंदी बोलतो, शाळा मराठीत झाली, गाव वऱ्हाडी. याच्यात नवल कायचं? पण त्यायनं एक कोरा कागद माह्यापुढं सरकवला. “इथंच बसून एक पान लिहून दाखवा.”

अन् मी लिहिलं. चाळिशीतली बाई मी, परीक्षेतल्या पोरीवानी खाली मान घालून. संपादकानं कागद उचलला, वाचला. “अक्षर छान आहे हो.” मी त्यायले थँक्यू म्हटलं. त्या थँक्यूची मले अजून लाज वाटते.

पुस्तक माह्या अम्मावर होतं. अम्मानं आजूबाजूच्या गावायतल्या लग्नायच्या गाद्या भरल्या, अन् त्यायच्या घरी तिले बसाले भेटलं ओट्यावरचं पोतं. पिंजायची मशीन बंद झाली का मी थोडं थोडं लिहीत गेली. केसात कापूस, नाकात कापूस, तरी लिहिलं.

मग संपादक सांगाले लागला. संहिता पास झाली, आता अक्षरजुळणी होईल, कच्ची प्रुफं निघतील, मलपृष्ठाचा मजकूर करू, शब्दांकनाचं मी बघतो. मी मुंडी हालवत राह्यली. प्रूफ म्हणजे तपासाची पानं, मलपृष्ठ म्हणजे पुस्तकाची पाठ, एवढं अंदाजानं समजलं. शब्दांकन बी छपाईचंच काही काम असंल, असं वाटलं. इचारलं असतं तं म्हणाले असते, पाहा, हिले एवढंई माहीत नाई अन् म्हणे लेखिका. म्हणून मी हो म्हटलं.

पुढं मोबाइलवर प्रुफं आली. जवळच्या बीबी गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून पानं काढून आणली. पहिल्या पानावर बारीक अक्षरात ‘कथन’, पुढं माह्यं नाव. त्याच्याखाली ठळक ‘शब्दांकन’, पुढं संपादकाचं नाव. मी संपादकाले फोन लावला.

“शब्दांकन म्हणजे काय, सर?”

“अहो, तुम्ही सांगितलंत, मी शब्दांत मांडलं, असं.”

“पण तुमी एक ओळ बी लिहिली नाई.”

“बाई, तुमच्यासारखीनं हे लिहिलं, हे वाचकाला पटायला नको का? आणि तेव्हा तुम्ही हो म्हणालात.”

अंगाची लाही लाही झाली. अम्मा रजईले टाके घालून राह्यली होती. तिले सांगतलं. ती मान वर न करता म्हणे, “छप रही ना? फिर चुप बैठ. नाम का क्या अचार डालना है?”

मले तिचा राग आला. मग रडू आलं. तिनं जिंदगीभर हेच केलं. लोकायनं पोतं टाकलं, ती बसली. अन् मी काय वेगळं केलं? माह्यापुढं कागद टाकला, मी लिहून दाखवलं. तिले शिकाले भेटलं नाई. मले भेटलं होतं, तरी मी गप बसली.

लाल पेन घेतला. ‘कथन’ खोडलं. ‘शब्दांकन’ खोडलं, संपादकाच्या नावासकट. वर लिहिलं, ‘लेखन’, अन् माह्यं नाव. फोटो काढून पाठवला.

प्रकाशकाचा फोन आला. “मग हे पुस्तक आम्ही करणार नाही. दुसरंही कोणी करणार नाही, लक्षात ठेवा.”

“नका करू. माह्यी संहिता वापस पाठवा.”

फोन ठेवला. एवढ्या वर्षायची मेहनत होती ती.

संहिता आली. दुसऱ्या प्रकाशकायनंबी ती घेतली नाई. अम्मा टोमणे मारते, मारू दे. आता कोणी नवा शब्द फेकला का मी आधी त्याचा अर्थ इचारते, अन् याच्यात माह्यं नाव कुठं राहीन तेबी इचारते. लोक म्हणतात, लय तोंडाची बाई आहे. हाव, आहे.

अम्माचं वय झालं. तिच्या हयातीत हे पुस्तक निघन का नाई, सांगता येत नाई. नाई निघालं तरी दुसऱ्याच्या नावानं मी ते निघू देणार नाई.