चिंचेखाली थांबलेला टांगा

माघातल्या एका मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. त्या वेळी मी टांग्यात होतो.

यातले दुसरे वाक्य लिहायला मला पाच वर्षे लागली. तेव्हाही मी अंबडच्या कचेरीत पेशकार होतो. निजामाचा अंमल, दिवसभर उर्दू मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, साहेबापुढे ठेवायच्या, बैठे काम. घर ते कचेरी चालत दहा मिनिटांची वाट, तरी मी टांग्याने जाई. धुळीने भरलेला पेशकार पाहून चपराशी हसतील, असे मला वाटे.

त्या थंडीत पत्नीला ताप भरला आणि तो उतरेना. तिची खाट खिडकीशी होती. एके संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, तुम्ही आजारी होता तेव्हा मी एकवीस दिवस देवीच्या टेकडीला पायी गेल्ते. आता माझ्यासाठी तुम्ही चाला. निराळा वेळ न्हाई मागत. कचेरीला जाता जाता तिकडून जा."

मी हो म्हणालो. टेकडी कचेरीच्या उलट्या दिशेला होती, पण तासभर आधी निघाले की झाले असते. दोन दिवस चाललो. तिसऱ्या दिवशी टाच दुखत होती. मी टांगेवाल्या हुसेनमियाँना सांगितले, टांगा दारात आणू नका, टेकडीची आणि कचेरीची वाट फुटते त्या वळणावरच्या चिंचेखाली उभा करा. पत्नी खिडकीतून मला वळणापर्यंत पाहत असे. तेवढे मी चाले. पुढे टांग्याने पायथा गाठून हात जोडी आणि तसाच कचेरीत जाई. देवी भाव पाहते, पाय नाही, अशी मनाची समजूत मी घातली होती. माझे वाचन मला अशाच वेळी उपयोगी पडे.

संध्याकाळी ती खाटेवर उठून बसे आणि माझे पाय परातीत घेऊन स्वतः धुई. नको म्हटले तरी ऐकत नसे. पाणी ओतले तसेच स्वच्छ राही. ती ते पाहत असे. एकदा म्हणाली, "यंदा रस्त्याला धूळ कमी दिसती." मी म्हणालो, "हल्ली भिस्ती पाणी शिंपतो." ती थोडी हसली आणि तिने माझे पाय पुसले. अठराव्या दिवशी ती गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर मी कामावर निघालो, तेव्हा हुसेनमियाँ आपणहून टांगा दारात घेऊन आले. आता लपवायचे कुणापासून? मी चढून बसलो. वळणावर येताच घोडा चिंचेखाली थांबला. हुसेनमियाँनी लगाम झटकला, चुचकारले, तरी हलेना.

"अबे चल की, सायेब मागंच बसलेत," ते त्याला म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्याला वाटून राह्यलं, तुम्ही अजून चालत येऊन राह्यलेत. वाट बघतो तुमची."

घोड्याला ती सवय मीच लावली होती. मी मागे वळून पाहिले. खिडकी उघडी होती. मी खाली उतरलो.

"कचेरीला उशीर व्हईल, सायेब."

"होऊ दे," मी म्हणालो आणि टेकडीच्या वाटेला लागलो. मागे घोड्याच्या टापा ऐकू आल्या. तो निमूट चालू लागला होता.

पायथ्याशी हात जोडले, पण मागायला काही उरले नव्हते. पहिल्यांदाच मी देवीपुढे काही न मागता आणि काही न लपवता उभा होतो. चाललो असतो तर ती वाचली असती का, हे मला ठाऊक नाही, आणि ते विचारण्याचा अधिकार मी गमावला आहे. माझा ताठा मला स्वतःहून सोडता आला नाही. देवीने तो एका मुक्या जनावराकडून काढून घेतला, एवढे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

अजून मी तासभर आधी निघतो. घरून टेकडी, टेकडीवरून कचेरी. संध्याकाळी त्याच परातीत माझे पाय मीच धुतो. पाणी गढूळ होते.