आधाराचा दांडा आणि माझं मशीन

"जावयांचं मशीन दिसतंय," दुसऱ्या मजल्यावरचे काका आईला म्हणाले.

मी आतल्या खोलीत चार्जरमधून बॅटरी काढत होते आणि दार उघडंच होतं. आमच्या घरात जावई नाही आणि मशीन माझं आहे, हे दोन्ही काकांना चांगलं ठाऊक होतं. ते आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे सेक्रेटरी. कोणाकडे कोण येतं आणि गाडी कुठे लावतं, हे त्यांना त्या घरातल्यांच्या आधी कळायचं.

"छे हो, हिला ऑफिसातून मिळालंय," आई म्हणाली.

ऑफिसातून मिळालं नव्हतं. मी विकत आणलं होतं आणि ते आईलाही माहीत होतं. पण लग्नाच्या वयाच्या मुलीने परदेशातून येताना पर्स नाही, परफ्यूम नाही, स्क्रू पिळायचं मशीन आणलं, हे सेक्रेटरींना सांगण्यापेक्षा खोटं बोलणं तिला सोपं वाटलं. मला किळस आली. काकांच्या बोलण्याची आली की आईच्या उत्तराची, ते ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी बाबांना हॉस्पिटलमधून घरी सोडणार होते. बाथरूममध्ये पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आणण्याआधी कमोडशेजारच्या भिंतीला स्टीलचा दांडा बसवून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा अंगाने भरलेले. उठताना ते सगळं वजन त्या दांड्यावर टाकणार, आणि दांडा निसटला तर पुन्हा त्याच फरशीवर आदळणार. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या सकाळी बाबांच्या जुन्या, वायरच्या ड्रिल मशीनने मी टाइलला सावकाश भोकं पाडली होती. आत स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या गट्ट्या बसवल्या होत्या. स्क्रू तेवढे पिळायचे राहिले होते. तेवढ्यात आईने काकांना फोन केला. "एकदा पुरुषमाणसाने बघितलेलं बरं," ती म्हणाली. भोकं पाडताना तीच शेजारी बादली धरून उभी होती.

हे मशीन मी ऑनसाइटहून आणलं. कंपनीने काही महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं होतं. तिथलं घर रिकामं, आणि फर्निचर खोक्यातून सुट्ट्या फळ्यांच्या रूपात यायचं. मदतीला बोलवायचं तर टीममधल्या मुलांना बोलवावं लागलं असतं, आणि मला कोणाकडे काही मागणं जमत नाही. म्हणून हा कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला. पुढची कॉलर ओढायची, स्क्रूच्या खाचेत बसणारं बिट सरकवायचं, कॉलर सोडायची. ट्रिगर हलका दाबला की स्क्रू शांतपणे आत जातो. तो अडला की आतला छोटा हातोडा फिरण्याच्या दिशेने ठोके द्यायला लागतो, टकटकटक, आणि मनगटाला झटका न बसता स्क्रू पुढे सरकतो. पहिलं कपाट उभं राहिलं त्या दिवशी मी त्याच्यासमोर बसून जेवले. कोणाला काहीही विचारावं लागलं नव्हतं.

त्याची निगा फारशी नसते, पण ती करावी लागते. काम झालं की कोरड्या ब्रशने हवेच्या फटींतली धूळ काढायची. ओलं फडकं लावायचं नाही. बॅटरी पूर्ण उतरू द्यायची नाही आणि उन्हात ठेवायची नाही. झिजलेलं बिट फेकून द्यायचं, कारण ते स्क्रूचं डोकं खातं. मी मशीन जुन्या सुती ओढणीत गुंडाळून ठेवत असे.

पुण्यात आल्यावर ते सोसायटीला कळलं. नवरात्राच्या आधी काका दारात येऊन म्हणाले, "स्टेजच्या प्लायवूडला स्क्रू मारायचेत, दोन तास देतेस ना?" माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. सोसायटीत बोलताना मी आधी सगळं वाक्य मनात जुळवते, तोवर समोरचा माणूस वस्तू घेऊन गेलेला असतो. तसंच झालं.

मशीन दसरा उलटल्यावर परत आलं. त्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला होता. पंपाच्या खोलीत पाटावर पाना, पक्कड, करवत, आणि मधोमध माझं मशीन, ट्रिगरवर झेंडूचं फूल खोचलेलं. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, त्यात मशीनही पुजलं. फोटोखाली सगळ्यांनी हात जोडले होते. एका काकूंनी लिहिलं होतं, "किती छान वाटलं बघून."

मी मशीन वर्तमानपत्रावर ठेवून बघितलं. हळदकुंकू कोरडं वाहिलेलं नव्हतं. तेलात कालवून बोटाने फासलं होतं, आणि ते ओघळून थेट मोटरच्या फटींत गेलं होतं. बिट बसायच्या भोकात अक्षता ठासलेल्या. रबरी मुठीच्या खाचांत पेढा दाबला गेला होता, त्याच्यावर लाल मुंग्या चिकटून मेल्या होत्या. मुठीच्या खालच्या बाजूला एक वाळलेला तांबडा ओघळ होता. तो कुंकवाचा की कोणाच्या तोंडातल्या पानाचा, हे कळेना. म्हणून मी नाक जवळ नेलं. पानाचा होता. कात आणि तंबाखूचा आंबूस वास बराच वेळ माझ्या नाकातून गेला नाही.

बॅटरी पार उतरलेली होती. पूजेत दिवा म्हणून मशीनचा पुढचा लाइट चालू ठेवला होता म्हणे.

सेफ्टी पिनने एकेक तांदूळ उकरून काढताना मला वाटत होतं, यांना मी बोलणार तरी काय. त्यांनी मशीनची विटंबना केली नव्हती, नमस्कार केला होता. ज्या वस्तूला हात जोडले ती पुसायची कशाला, असा त्यांचा हिशेब असावा. माझ्या हातांना दोन दिवस तेलाचा आणि कापराचा वास येत राहिला, आणि मी डब्यातली पोळी चमच्याने खाल्ली. ऑफिसात एकीने विचारलंसुद्धा, डाएट आहे का.

तेव्हापासून मशीन माझ्या कपाटात, कपड्यांखाली. ते बाबांच्या दांड्यासाठी बाहेर काढलं, तर बाथरूमच्या दारात काका उभे.

मी बॅटरी लावून बाथरूममध्ये गेले. काका चपलांसह आत आले होते. सकाळी घासलेल्या पांढऱ्या फरशीवर मातीचे ठसे उमटले होते. त्यांनी माझ्या हातातून मशीन घेतलं, म्हणजे मागितलं नाही, नुसता हात पुढे केला आणि मी दिलं. मग तोंडातली सुपारी वॉश बेसिनमध्ये थुंकून ते म्हणाले, "बघ आता. शिकून घे."

मी लावलेलं बिट त्यांनी काढून खिशातलं दुसरं घातलं. त्याची टोकं झिजून गोल झालेली मला दिसत होती. टाइलवर हे मशीन शेवटपर्यंत चालवायचं नसतं. अर्ध्यावर थांबायचं आणि उरलेला स्क्रू हाताने पिळायचा, नाहीतर तेच ठोके टाइल फोडतात. हे वाक्य माझ्या मनात पूर्ण तयार होतं. काकांनी ट्रिगर मुळापर्यंत दाबला.

बाथरूम लहान, त्यात तो आवाज. ते दात आवळून मशीनवर रेलले होते. बिट स्क्रूच्या डोक्यावरून घसरत होतं आणि लोखंडाचा चुरा पडत होता. टक्‌ असा वेगळा, कोरडा आवाज झाला आणि टाइलवर केसाएवढी रेघ वरपर्यंत गेली. दांड्याच्या खालच्या टोकाचा स्क्रू आत गेला, पण गट्टीही त्याच्याबरोबर गरगर फिरत होती. मी वाकून बघितलं. स्क्रू कितीही फिरवला तरी घट्ट होत नव्हता.

काकांनी रेघेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याचं नख वाढलेलं, त्यात काळं साचलेलं. तोंडात सुपारीचा उरलेला तुकडा होता, तो त्यांनी जिभेने एका गालातून दुसऱ्या गालात ढकलला.

"टाइलच हलक्या प्रतीची," ते आईला म्हणाले. "बिल्डरने फसवलंय सगळ्यांना. वरून थोडं व्हाइट सिमेंट भरून घ्या, दिसणार नाही."

"पण घट्ट बसलाय ना?" आईने विचारलं.

"वहिनी, वर्षानुवर्षं सोसायटीची कामं करतोय मी. बिनधास्त राहा."

"तुम्ही होतात म्हणून झालं हो," आई म्हणाली. "चहा टाकते."

तिचा चेहरा खरोखरच हलका झाला होता. ती आठवडाभर हॉस्पिटलच्या बाकावर झोपली होती. कोणीतरी झालं म्हणून सांगायला हवं होतं, ते काकांनी सांगितलं होतं. काकांनी मशीन ओल्या बेसिनवर आडवं ठेवलं आणि माझ्या टॉवेलला हात पुसले. टॉवेलवर तपकिरी बोटं उमटली.

मी मशीन उचललं. त्याच्या फटींत टाइलची पांढरी पूड गेली होती आणि खालून पाणी ठिबकत होतं. ओढणीने ते पुसावं, चहा होईपर्यंत खोलीत बसावं, काका गेले की भोकं पुन्हा पाडावीत, असं मनात आलं. पण टाइल फुटलेली होती, दुसरी भोकं त्याच जागी घेता येणार नव्हती, आणि मी खालचं सगळं उखडायला लागले की आई मध्ये येणार. काकांनी घट्ट केलंय, हात लावू नकोस, म्हणणार. उद्या दुपारी बाबा वॉकर दाराशी ठेवून इथे येणार आणि आईच्या भरवशावर दांडा धरणार.

काका चपला फटफटवत बाहेर पडायला वळले. मी दारात उभी राहिले, त्यांना वाट मिळणार नाही अशी. वाक्य मनात जुळवायला वेळ घेतला नाही.

"काका, जरा कमोडवर बसा," मी म्हणाले, "आणि सगळं वजन टाकून, हा दांडा धरून उठून दाखवा. बाबा तसेच उठणार आहेत."