मेलेल्या जमिनीचे दहा तुकडे

आमचा सुधाकरभाऊ मूळचा आर्वीकडचा. उभा जन्म भोपाळात गेला, बरखेड्याच्या कारखान्यात लाकडी साचे घडवण्यात. रिटायर होऊन मिसरोदले घर घेतलं अन् हात रिकामे झाले. रिकाम्या हाताचा माणूस घरात कसा असते, ते लीलावतीवहिनीले विचारा. चांगल्या चालणाऱ्या दाराच्या कड्या त्यानं तीनदा काढून बसवल्या.

शेजारच्या वरुणनं एक काम आणलं. हा इंजिनियर माणूस रविवारी शाहपुऱ्याच्या एका दुकानात टेबलावर बोटाएवढे शिपाई मांडून लढाई खेळते. एकेक शिपाई रुपयाएवढ्या चकतीवर उभा. त्या चकतीवरची जमीन हातानं बनवून पाहिजे होती, दहा नग.

"जमली तर पुढची सगळी तुमचीच, काका. नाही तर बाहेरून मागवून घेईन."

सुधाकरभाऊनं कॉर्क कापला, माती चाळली, टूथब्रशच्या केसांचं गवत लावलं. पाच चकत्या भेगाळलेल्या, पाचांवर हिरवे कोंब.

वरुण पाहतच राहिला. "काका, ये क्या? लढाई एकच आहे."

"चालते किती दिवस?"

"सहा राउंड."

"राउंड म्हंजे दिवस का महिना? मृगाच्या आंधी सुरू झाली असंन तर मंधात पाऊस येईनच."

"पाऊस नाही येत. हे शिपाई ज्या ग्रहावरचे, तो मेलेला आहे. हजारो वर्षं काही उगवलं नाही."

"मंग हे लढून कायले राहिले?"

वरुणनं जरा विचार केला. "वो तो गेम है काका."

सुधाकरभाऊ पुन्हा कामाले बसला. राख, कोळसा, विटेचा चुरा. पण हात ऐकेना; कुठं तुरीची वाळकी काडी खोचली जाई, कुठं गवताचं पातं. तो उपटून काढे.

"काय करून राहिले?" वहिनीनं विचारलं.

"काहीच उगवत नाही अशी जमीन."

"त्याले काय करा लागते? तुम्ही लावलेल्या कुंड्या पहा गच्चीवर."

तो हसला नाही. पीकच नाही तर जमीन चांगली का वाईट, ठरवावं कसं? दहाही चकत्या उन्हात धरून पाहिल्या. काही समजेना.

रविवारी स्वतःच दुकानात घेऊन गेला. पाहते तर टेबलावर हिरवंगार गवत, मधून नदी. वरुणनं शिपाई चकत्यांवर चिकटवून त्याच गवतात उभे केले. हिरव्यात दहा राखेचे ठिपके.

"इथं तर गवत हाय ना बाप्पा."

"मैदान आज असं आहे काका. पायाखालची जमीन ज्याची त्याची. ती घेऊनच फिरतात ते. एकदम मस्त जमलंय."

"हे जिथं जातीन तिथं जमीन मेलेलीच?"

"हो."

सुधाकरभाऊ स्टुलावर बसला. काम आपल्याकडं राहिलं, एवढं कळलं. बाकी डोक्यात चिखल. तेवढ्यात वरुणच्या समोर खेळणाऱ्या जुईनं एक शिपाई उचलून न्याहाळला.

"अंकल, मला पण बारा करून द्याल? समुद्राच्या तळाची जमीन."

"करून देतो," तो बोलून गेला.

घरी वहिनीनं चहा पुढं ठेवला. "पसंत पडलं का?"

"पडलं म्हणते."

"मंग तोंड असं कायले?"

"समुद्राच्या बुडाशी माती असते का वाळू?"

"मी गेली होती का तिथं?" वहिनी म्हणाली. "प्या. थंडा होऊन राहिला."