घरात शेजाऱ्याचं भांडं

विजया साने गेल्याची बातमी मला दिनकरने दिली. सकाळी बेल वाजली, दार उघडलं तर हा उभा. सानपाड्याहून पहिल्या बसने वाशीला आला होता. "सर, ताई गेल्या... झोपेतच," म्हणाला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. मी आत बोलावलं तेव्हा आला, पाणी प्यायला आणि पुढच्या घरी सांगायला निघाला. त्या दिवशी त्याने बऱ्याच दारांच्या बेल दाबल्या. सगळ्यांनी दार उघडलं. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण दिनकरच्या बाबतीत ते सांगण्यासारखं होतं आणि त्यात विजयाचा हात होता.

मनाच्या आजारातून उठलेली आणि दारू, गर्द सोडलेली माणसं दिवसा येऊन बसत, काही काम शिकत, असं एक केंद्र वाशीत होतं. विजया तिथे समाजसेविका होती. केंद्राला मदत देणाऱ्यांना एकदा कळवून हवं होतं, की ही माणसं समाजात कितपत मिसळली आहेत. आकड्यांत. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो, म्हणून ती माझ्याकडे आली. लग्न न केलेली, भराभरा बोलणारी, समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करणारी बाई. आम्ही प्रश्न काढले. मित्र किती, बाहेर जाता का, शेजारी सणासुदीला विचारतात का... प्रत्येकाला गुण. माझ्या मते काम चोख झालं होतं.

दिनकर मूळचा साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे कामाला. आधी दारू, मग डोक्यात आवाज, मग ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात राहून आला. बिल्डिंगमध्ये एवढं कळणं पुरेसं होतं. दारू सुटली, औषधं नियमित झाली, पण मजल्यावर त्याच्याशी आणि त्याच्या बायकोशी, सुमनशी, कुणी बोलेना. सुमन गावी परत जायचं म्हणू लागली. ती गेली तर हा पुन्हा बाटलीकडे जाईल, हे विजया जाणून होती. तिचा जीव त्या घरात अडकला होता. अशात शेजारच्या शिंद्यांकडे सत्यनारायण झाला आणि त्यांच्या मुलीने दिनकरच्या दारात प्रसाद आणून दिला. केंद्रातल्या सगळ्यांना आनंद झाला. आम्ही त्या प्रश्नाला पुरे गुण दिले.

दोन-चार दिवसांनी विजया आली ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "सर, ते मार्क कापा."

मी कारण विचारलं. प्रसाद कशातून आला, हे तिने सुमनला विचारलं होतं. वर्तमानपत्राच्या कागदातून. बाकीच्या घरांना तीर्थप्रसादाला बोलावणं होतं. "वाटीतून दिला असता, तर वाटी परत करायला सुमन त्यांच्या दारात गेली असती ना? आणि रिकामी वाटी कोणी परत करत नाही. म्हणजे पुन्हा देणंघेणं आलं. कागद फेकला की संपलं. ते त्यांना बोलवत नव्हते सर, येऊ नका म्हणत होते."

तिने यादीत नवा प्रश्न घातला: तुमच्या घरात आत्ता शेजाऱ्याचं एखादं भांडं आहे का? केंद्राच्या वरच्यांनी तो काढून टाकला. असल्या प्रश्नाने काय सिद्ध होतं, असं मीही म्हणालो. ती ऐकते कसली! प्रत्येकाला विचारायचीच. एकदा मलाही विचारलं. बायको गेल्यापासून मी डबा लावलेला. मी विषय बदलला.

दिनकरकडे मात्र तिने स्वतः सुरुवात केली. घरी जाताना वाट वाकडी करून उसळीचा, भाजणीचा डबा सुमनकडे टाकायची. डब्यावर 'वि. साने' कोरलेलं. सुमन तो भरून परत करायची. हा येता-जाता डबा शिंदेवहिनी जाळीच्या दारातून बघत असणार. एका सकाळी दिनकर कामावर जायचं सोडून केंद्रात आला. मी तिथेच होतो. काही बिनसलं, असंच आम्हाला वाटलं. तो म्हणाला, "ताई, शिंदेवहिनी आल्या व्हत्या. इरजण मागाय."

विजया खुर्चीत बसली आणि रडली. तिला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. मग डोळे पुसून मला म्हणाली, देणारे पुष्कळ असतात, मागायला कोण येतं ते बघा. सुमन गावी गेली नाही.

विजया गेल्याला आता महिना होऊन गेला. तिची खोली भावाने पुण्याहून येऊन रिकामी केली. मला फार दुःख झालं असं म्हणणार नाही. पण संध्याकाळी बेल वाजली की वाक्य तोडणारं कुणी आलं, असं वाटतं...

परवा दिनकर पुन्हा आला. हातात तोच डबा. शेवटच्या खेपेला तो त्यांच्याकडेच राहिला होता. तिच्या भावाकडे द्यायचा होतास, मी म्हटलं. "त्यांची-आमची वळख न्हाई, सर," तो म्हणाला आणि डबा ओट्यावर ठेवला. आत शेंगदाण्याची चटणी होती. "मोकळा कसा आनायचा?"

चटणी संपत आली आहे. सुमनला डबा भरून परत करायचा तर मला रांधायला काहीच येत नाही; समोरच्या बिऱ्हाडात विचारावं लागेल. त्यांच्याशी मी अजून बोललेलो नाही. पण विजयाने आज तो प्रश्न विचारला असता, तर मी विषय बदलला नसता.