तंबूच्या बारा खुंट्या

माझ्या हातून आजवर एका बांधाची मोजणी झाली आहे, आणि मी मोजणी खात्यात नाही. मी मंचरला राहतो आणि एका कारखान्याच्या भांडारात नटबोल्ट मोजून देतो. खिशात टेप असतो. तो का असतो, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. फक्त माझी मुलगी अनुजा अधूनमधून त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघायची.

अनुजाला जर्मनीत नोकरी लागली. जायला दहा दिवस उरले असताना आम्ही तिला विचारलं, तुला काय हवंय? वाटलं, साडी म्हणेल, नाहीतर लोणचं. ती म्हणाली, एक रात्र आपण तिघांनी उघड्या माळावर तंबूत राहायचं. अट एकच.

"बाबा, तुम्ही नुसतं बसायचं. काही मोजायचं नाही."

मी हो म्हणालो. (टेप घरी ठेवीन, असं काही मी म्हणालो नव्हतो.)

जागा मी शोधली. येडगाव धरणाच्या वरच्या अंगाला एका गावचं गायरान आहे. सपाट, कोरडं, चार बाभळी सोडल्या तर सगळं उघडं. गायरान सगळ्या गावाचं, तरी परवानगी असावी म्हणून सरपंचांना फोन केला. ते म्हणाले, "या की राव, बिनधास्त." मात्र त्या दिवशी ते स्वतः लग्नाला परगावी असणार होते. ही बाब तेव्हा मला किरकोळ वाटली.

दुपारी चारला आम्ही पोहोचलो. माळाच्या मधोमध एक झकास जागा सापडली, मऊ आणि गोलाकार, एकही दगड नाही. देवानेच आमच्यासाठी झाडून ठेवली असावी असं मला वाटलं. तंबू पसरला. पाण्याची बाटली ठेवली, ती घरंगळत गेली. म्हणजे उतार! उताराला डोकं करून झोपलं की काय होतं हे मला माहीत आहे. मी अनुजाकडे पाहिलं. ती बाभळीचा फोटो काढत होती. मी टेप काढला.

एकदा टेप बाहेर आला की एकाच मापावर थांबता येत नाही. तंबूपासून चूल पंधरा फूट. चुलीपासून गाडी वीस. आमच्याकडे बिबट्याचा वावर असतो, म्हणून गाडी जवळ हवी. टेपचं दुसरं टोक सौ. सुनंदाने धरलं होतं, चेहरा लग्नातल्या फोटोसारखा करून. मग बारा खुंट्या ठोकल्या आणि दोरीत कोणी अडखळू नये म्हणून प्रत्येक खुंटीला लाल चिंधी बांधली. शेवटी वहीत नकाशा काढला. उत्तर दिशेसह.

तेवढ्यात मेंढ्यांचा कळप घेऊन एक म्हातारबाबा आले. त्यांचं नाव गेणू आबा, हे नंतर कळलं. ते लांबच थांबले, मेंढ्याही थांबल्या. आबांनी चिंध्या पाहिल्या, टेप पाहिला, वही पाहिली आणि खिशातून मोबाइल काढून कोणाला तरी फोन लावला. वीस मिनिटांत तीन मोटारसायकली आल्या.

"सायेब," आबा जवळ येऊन म्हणाले, "आमी वाघर कुठं लावायची आता?"

वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती रात्री लावायची जाळी. देवाने माझ्यासाठी झाडून ठेवलेली जागा आबांच्या मेंढ्यांनी वर्षानुवर्षं बसून मऊ केली होती. गायरान कोणाला तरी देणार अशी कुणकुण गावात होतीच. आता लाल चिंध्यांनी तिच्यावर शिक्का मारला होता. आबा मेंढ्या मागे वळवू लागले. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

मी सांगितलं, आबा, मी मोजणीचा साहेब नाही, आम्ही नुसते राहायला आलोय.

"पयल्यांदा समदे असंच म्हणत्यात," मोटारसायकलवरचा एक जण म्हणाला.

सरपंचांना फोन लावला. लग्नाच्या बँडमध्ये त्यांना काही ऐकू गेलं नाही. मी वही दाखवली, तर नकाशा बघून सगळे आणखी गंभीर झाले. अनुजा म्हणाली, "खरंच, आम्ही झोपायला आलोय." यावर कोणी तरी म्हणालं, घर सोडून हितं?

त्या तीन गाड्यांवरून आलेल्यांत दोन भाऊ होते. त्यांच्या विहिरीजवळच्या बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं. थोरल्याने मला विनवलं, आलाच आहात तर आमचा बांध तेवढा बघा. मी ठाम नकार दिला. अनुजाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग धाकटा म्हणाला, "त्यात काय बघायचंय? तीस फुटाचा चौकोन म्हंजी गुंठा."

मी गप्प बसायला हवं होतं. मी दात आवळले. अनुजा मानेने नाही नाही करत होती.

"तेहेतीस," मी म्हणालो.

"बगा! सायबाला ठावं हाय!"

दहा मिनिटांत येतो, असं सांगून मी गेलो. त्यांच्या विहिरीपासून बांधावरच्या बाभळीपर्यंत चार वेळा मोजलं, कारण पहिल्या दोन मापांत चार बोटांचा फरक येत होता. दोघे भाऊ एकमेकांशी बोलायला लागले. कारण आता दोघांची तक्रार माझ्याविरुद्ध होती.

परत आलो तेव्हा अंधार पडला होता. आबांची जागा आबांना मोकळी करून द्यावी म्हणून अनुजाने खुंट्या तशाच ठेवून तंबू सोडवून गाडीत टाकला होता. वाघर लागली होती आणि तिच्या कडेला, उघड्या आभाळाखाली, सुनंदा आणि अनुजा आबांच्या घरच्या बायकांबरोबर भाकरी खात हसत होत्या. मी तिकडे निघालो, तर दोन्ही भावांनी मला दोन बाजूंनी धरलं. सायबाला उघड्यावर कसं झोपवायचं? मला थोरल्याच्या स्लॅबच्या घरात, पंख्याखाली, नव्या गादीवर झोपवण्यात आलं. आभाळाखाली एक रात्र आम्ही तिघांनी काढायची होती. दोघींनी काढली.

सकाळी खुंट्या काढायला गेलो, तर आबांनी अडवलं.

"ऱ्हाऊ द्या सायेब. चिंध्या बघून आता हितं दुसरं कोण यायचं न्हाई."

तिथे मात्र मी पुन्हा खरं सांगायचा प्रयत्न केला नाही.

अनुजा जाताना माझा टेप तिच्या बॅगेत टाकून घेऊन गेली. म्हणाली, "परत येईन तेव्हा देईन. तोवर नुसतं बसायला शिका." विमानतळावरून घरी येताना माझा हात तीनदा रिकाम्या खिशात गेला.

गेल्या महिन्यात एकटाच त्या माळावर गेलो, केवळ बसायला. खुंट्या जागच्या जागी होत्या. आबांनी राम राम केला आणि काळजीने विचारलं, "सायेब, फेरमोजणी का?"

मी हात झटकून दाखवले. टेप नाही, वही नाही. दगडावर बसलो. अनुजाला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, बघ, नुसता बसलोय. ती खूप हसली आणि डोळे पुसत शाबास म्हणाली.

फोन ठेवला. आठवी खुंटी रांगेतून वीतभर आत सरकली होती. आबांचं लक्ष नाही असं बघून ती मी उपटली आणि दगडाने ठोकून जागेवर आणली.